पांढरा पट्टा

भुशीच्या चावडीवर पंधरा ऑगस्टला लावायचा झेंडा माधवराव मास्तरांनी शिवायला घेतला होता. आदल्या दिवशी दमा उसळला, ते आडवे झाले आणि काम इंदिरेकडे आलं. "पांढऱ्याला कात्री लावू नकोस," एवढंच ते खोकल्याच्या उबळीत लेकीला म्हणाले.

इंदिरेनं टाचून ठेवलेले पट्टे जमिनीवर पसरले. लांबी तीन तर रुंदी दोन, आणि तिन्ही पट्टे सारखे, हे वर्तमानपत्रात वाचून तिला पाठ झालं होतं. केशरी आणि हिरवा नेमके होते. वडिलांनी स्वतः कातलेल्या सुताचा पांढरा मात्र दोन बोटं जास्त रुंद, आणि लांबीची वाढ बारीक चुण्यांत दडवलेली. जन्मभर पोरांना भूमिती शिकवलेल्या माणसाचा हात चुकायला लागला, म्हणून तिला गलबलून आलं. कात्री नको म्हणाले ते स्वतःच्या सुताच्या मायेपोटी, असं तिनं धरलं. ते झोपले होते. तिनं टाके उसवले, जास्तीचं कापलं, झेंडा सपाट आणि चोख शिवला आणि मधोमध निळं चक्र बसवलं. वडिलांची चूक गुपचूप निस्तरल्याचं तिला समाधानही वाटलं.

झेंडा चढला आणि दिवसभर पावसात भिजला. संध्याकाळी महिपती सुतार मास्तरांना बघायला आला.

"मास्तर, झेंडा लय झ्याक. पर मदला पट्टा आकसला बगा, वर-खाली फुगं आलं. आमचा आबा म्हनला, हितं वाकाळ कुनी वाळत घातली रं?"

मास्तर हसता हसता खोकले. मग त्यांनी इंदिरेकडे पाहिलं. ती कपबशी घेऊन दारात उभी होती.

"बाकीचे दोन रंगाऱ्याच्या उकळत्या पाण्यातून आलेले, ते आधीच आटलेले," ते महिपतीला म्हणाले. "पांढरा कोरा. भिजवला असता, तर या हवेत वाळला नसता. थोडा जास्त सोडायला हवा होता. माझा हिशेब चुकला."

आता बोलावं, असं इंदिरेला वाटलं. महिपती गेल्यावर बोलू, असंही वाटलं. तो गेला तेव्हा मास्तरांचा डोळा लागला होता. गणपती यायच्या आत ते गेले. मधल्या दिवसांत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तिनंही काढला नाही.

पुढच्या वर्षी चावडीचा झेंडा तिच्याकडेच आला. घरात उरलेली त्यांच्या सुताची खादी तिनं घेतली, दोन बोटं जास्त ठेवली, चुण्या घातल्या. सकाळी झेंडा बेंगरूळ दिसला. दुपारी, सर येऊन गेल्यावर, तिन्ही पट्टे एका मापात बसले.

महिपती मान वर करून बघत राहिला. "अवंदा ब्येस बसला, ताई. मागल्या साली मास्तरांचा अंदाज हुकला व्हता."

"हा अंदाज त्यांचाच आहे, महिपतीदादा. मागच्या वर्षी तो मी कापला होता."

महिपतीनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. "असू द्या. लेकीनं बापाची बाजू घ्यायचीच." आणि मागं वळून जमलेल्या लोकांना तो म्हणाला, "लेक मास्तरांच्या वरताण निगाली बगा."

लोकांनी माना डोलावल्या.