टीसी काढल्याशिवाय नाव कटत नाही

समीक्षाच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात जर्मन शब्द, दुसऱ्यात त्याची इंग्रजी, आणि तिसऱ्या रकान्याचं नाव होतं 'आपलं'. ही रीत अल्काताईनं लावून दिलेली. ताई दीड वर्षापूर्वी गोंदियाजवळच्या गोरेगावहून थेट जर्मनीतल्या एका विद्यापीठात शिकायला गेली आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीला दहा-दहा शब्द द्यायला लागली. अकरावीतली समीक्षा ते शब्द चिंचेच्या बोटकांसारखे मटामटा खायची. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिला वाटायचं, आपल्याला येत नाही असं जगात आता फार थोडंच उरलंय!

पण हे विद्यापीठाचे शब्द मात्र भलते चिवट निघाले. साधं 'सेमेस्टर' घ्या. इंग्रजीत टर्म लिहा, सेशन लिहा, हाफ-इयर लिहा, दरवेळी कुठंतरी थोडं उसवतंच. तिकडचं उन्हाळी सेमेस्टर सुरू होतं एक एप्रिलला, आणि वर्ग भरतात चौदा एप्रिलला.

"जयंतीच्या दिवशी शाळा भरवतेत? कसे लोक होत बाप्पा!" आई, लीलाबाई, मागून ओरडली होती.

"मग ते आधीचे तेरा दिवस कशाचे?" समीक्षानं विचारलं होतं.

"सेमेस्टरचेच," ताई हसली होती. "वर्ग नाही म्हणजे सुट्टी नाही, येडे. लेक्चर-फ्री टाइम लिव. व्हेकेशन लिवशील तर मार खाशील. परीक्षा, निबंध, सारं त्यातच राहते. आपल्याला बरं वाटते तो शब्द नाही लिवायचा. तिथं जो आहे तो लिवायचा."

समीक्षानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: 'सुट्टी, पण ताईसाठी नाही.'

अशाच बिनवर्गांच्या दिवसांत, फेब्रुवारीत, ताई महिनाभरासाठी घरी आली आणि नवव्या दिवशी आडवी झाली. सिकलसेल, रक्ताचं ते दुखणं, तिला लहानपणापासूनच. त्याचं कार्ड पर्समध्ये असायचं. हातपाय दुखायचे, चार दिवस कण्हायची, उठायची. या वेळी दुखणं छातीत उतरलं. गोंदियाच्या दवाखान्यात नेताना, गाडीत, तिनं आपला फोन समीक्षाच्या हातात कोंबला.

"मेल आली की वाचजो. तुले येते आता."

तुले येते आता. ताईनं असं म्हटल्यावर समीक्षाला त्या गाडीतसुद्धा क्षणभर कसं फुलून आल्यासारखं झालं, आणि मग लगेच स्वतःचीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी पहिली मेल आली. विषय होता 'र्‍युकमेल्डुंग'. समीक्षानं शब्द सोडवला. रि-रजिस्ट्रेशन, रिपोर्टिंग बॅक, कुठंकुठं फीडबॅकसुद्धा. इथं अर्थ पहिलाच, एवढं तिला बरोबर कळलं. दर सेमेस्टरच्या आधी 'मी आहे' असं विद्यापीठाला कळवायचं. खाली आणखी एक आगगाडीएवढा शब्द होता, 'एक्समाट्रिकुलात्सिओन'. डी-रजिस्ट्रेशन. नाव काढणं.

आता तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? ती बाबांकडे गेली. खुशाल मेश्राम सव्वीस वर्षं एका शाळेत चपराशी. दाखल-खारीज रजिस्टरवरची धूळ त्यांच्याएवढी कोणी पुसली नसेल. हेडमास्तर बदलले, तरी कोणतं पोरगं कोणत्या साली कोणत्या पानावर, ते बाबांना विचारायचं.

"नाव असं आपोआप कटत नाही, बाई," बाबा म्हणाले. "पोरगं सहा-सहा महिने मायबापासंगं विटाभट्टीवर जाते, तरी हजेरीत त्याचं नाव राहतेच. बाप येते, अर्ज करते, टीसी नेते, तवाच नाव खारीज. अल्कानं टीसी काढली काय?"

"नाही."

"मंग कायले घाबरून राहिली?"

इतकं सरळ होतं ते. समीक्षानं त्या लांबलचक शब्दापुढं लिहिलं 'टीसी'. आणि र्‍युकमेल्डुंगपुढं लिहिलं, 'हजेरी. नाव राहतेच.' ताई बरी झाली की ती स्वतःच कळवेल, म्हणून मेल तशीच ठेवली. दुसरी आली, तीही ठेवली.

तिसरी तिनं पंधरा मार्चला सकाळी वाचली. वाचता वाचता हातातली पोळी ताटात पडली.

मेलमध्ये विनंती नव्हती. आज दुपारी बारापर्यंत नोंदणी किंवा रजेचा अर्ज आला नाही, तर एकतीस मार्चला नाव काढलं जाईल. नाव गेलं की व्हिसाही जातो, हे ताईनंच तिला कधीतरी सांगितलं होतं. जर्मनीतले बारा म्हणजे इथले साडेचार. नोंदणीची फी इथून पाठवली तर पोचायला पाच दिवस. तिकडच्या खात्यातून भरावी, तर त्याचा पासवर्ड ताईच्या डोक्यात, आणि ताई ऑक्सिजनवर, औषधाच्या गुंगीत. राहिली रजा. उरलाउब्ससेमेस्टर. त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्याचा छापील नमुना होता जर्मनमध्ये.

तिनं विद्यापीठाला फोन लावला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात बोलत राहिली.

"बाबा, ते टीसी देत नाहीत. तसंच नाव काढतात."

"न विचारता?"

"तीनदा विचारलं त्यांनी. मी उत्तर नाही दिलं."

गोंदियाच्या बसमध्ये बाबांशेजारी तिनं उभ्यानं, एका हातानं दांडा धरून, फोनवर तो नमुना इंग्रजीत उतरवला. उरलाउब म्हणजे हॉलिडे, व्हेकेशन, लीव्ह. 'हॉलिडे सेमेस्टर' लिहिलं तर डॉक्टर हसेल. 'लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स' लिहिलं. एरवी असा नेमका शब्द सापडला की ती उडी मारायची. आज ती लगेच पुढच्या ओळीवर गेली.

दवाखान्यासमोर शालीकरामचं झेरॉक्सचं दुकान. त्यानं जर्मन नमुना आणि तिचं इंग्रजी, दोन्हींची प्रिंट काढून दिली. "जर्मनी? इधर से?" म्हणाला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिला.

डॉ. चंद्रकुमार बिसेन राउंडवर होते. मग एक ऑपरेशन. मग जेवण. समीक्षा आणि बाबा दारापाशी उभे. सिस्टर दोनदा म्हणाली, "बसा ना हो काका," पण बाबा बसेनात. चपराशी माणूस, साहेबासमोर उभं राहायचीच सवय. अडीच वाजता डॉक्टर आले. कागद त्यांनी उभ्यानंच वाचला.

"'पेशंट विल बी अनेबल टु स्टडी फॉर द ग्रेटर पार्ट ऑफ द लेक्चर पीरियड.' लेक्चर पीरियड कधीपासून कधीपर्यंत?"

"चौदा एप्रिल ते अठरा जुलै, सर."

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. "मी आठ आठवडे आराम लिहू शकतो. विमान बंद. म्हणजे दहा मेपर्यंत. तुमच्या चौदा आठवड्यांतले जेमतेम चार. चौदातले चार म्हणजे ग्रेटर पार्ट कसा होईल?"

"सर, सेमेस्टर तर एक तारखेलाच सुरू होते..."

"सेमेस्टर नाही, इथं लेक्चर पीरियड लिहिलंय. तूच लिहिलंयस."

"तिचं नाव कटून राहिलं, साहेब," बाबा मागून म्हणाले. हात जोडलेले. समीक्षानं बाबांना हात जोडताना शाळेत शंभर वेळा पाहिलं होतं. कधी इतकं लागलं नव्हतं.

"अहो, मला कळत नाही का? पण जुलैपर्यंत ती आजारी राहील असं मी कसं लिहू? मी काय ज्योतिषी आहे?" डॉक्टरांनी कागद परत दिला. "मूळ फॉर्म वेगळं काही म्हणत असेल तर बघा. मला जर्मन येत नाही. तुम्ही सांगाल तेच मी वाचणार."

तुम्ही सांगाल तेच.

समीक्षा बाहेर आली. तीन वाजून पाच. गोंदिया जिल्ह्यात या घडीला हा कागद वाचू शकणारी दोनच माणसं तिला ठाऊक होती, आणि त्यातलं एक काचेपलीकडे नळ्या लावून झोपलं होतं. 'युबरविगेंड' असा तो शब्द. ग्रेटर. मेजर. प्रीडॉमिनंट. एवढ्या शब्दांच्या घोळक्यात एक सौम्य शब्द मिसळला तर कोण पकडेल? 'कन्सिडरेबल पार्ट'. बऱ्यापैकी भाग. चार आठवडे बऱ्यापैकी नाहीत? आहेतच की! विद्यापीठाला जाणारा कागद जर्मनच असणार. डॉक्टर आपल्या इंग्रजीवर भरवसा ठेवून त्याच्यावर सही करतील, आणि ताईचं नाव राहील.

"भाऊ, एक शब्द बदलायचा आहे," ती शालीकरामला म्हणाली.

"एकच? लवकर सांग, लाइट जाईल."

ती परत धावली. सव्वातीन. डॉक्टरांनी नवा कागद घेतला, वाचला, मान हलवली. "कन्सिडरेबल. हां, हे मी लिहू शकतो." पेनाचं टोपण निघालं. जर्मन कागद त्यांनी पुढ्यात ओढला. "हेच लिहिलंय ना तिथं?"

बाबांचा श्वास तिला मागे ऐकू येत होता. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? स्टेजवर पाच मिनिटं न अडखळता बोलणारी पोरगी ती. पण तिला वहीतलं ते पान दिसायला लागलं. 'हजेरी. नाव राहतेच.' तिसऱ्या रकान्यात तिनं आपल्याला बरं वाटलं तेच लिहिलं होतं, आणि त्यानंच ताईला इथवर आणलं होतं. आता ती दुसऱ्या रकान्यातही तेच लिहून बसली होती. आणि सही दुसऱ्याची.

"नाही, सर."

"काय?"

"पहिला कागद बरोबर होता. हा मी बदलला."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. सिस्टर कपाटातलं काही शोधायचं सोडून बघत राहिली. वाटलं, आता हाकलतील. पण ते लेटरहेड पुढं ओढून स्वतःच्या इंग्रजीत लिहू लागले. आठ आठवडे आराम, विमानप्रवास वर्ज्य, दुखणं पुन्हा उलटू शकतं. "खरं तेवढं लिहिलंय. पाठव. आणि पोरी, पुन्हा असं कोणासोबत करू नको."

"काऊन बोलली तू?" बाबा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

चार एकवीसला तिनं प्रमाणपत्र पाठवलं. सोबत तिचं स्वतःचं जर्मन पत्र, नऊ ओळींचं: माझी बहीण आजारी आहे, मेल मी वाचल्या, उत्तर मी दिलं नाही, चूक माझी आहे. किती चुका होत्या त्या नऊ ओळींत, कोण जाणे. मग दोघं पायऱ्यांवर बसून राहिले. समोर पपईवाला ओरडत होता. पाचाला उत्तर आलं.

तिनं एकदा वाचलं. मग शब्द न् शब्द लावत दुसऱ्यांदा, कारण इतक्या अर्थांच्या भाषेत एखादा दुसरा अर्थ निघावा अशी तिला फार आशा होती. निघाला नाही. या प्रमाणपत्रावर रजा मंजूर होत नाही. एकतीस मार्चला नाव काढण्यात येईल.

बाबांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि ते तसंच झाकून ठेवलं. "सव्वीस वर्सं," ते गमछ्याआडून म्हणाले. "मले वाटे, नाव कसं राहते ते मले माहीत आहे."

"मी लिवलं, बाबा. तुम्ही नाही लिवलं."

सहाला भेटायची वेळ. ताई जागी होती. मास्कच्या आत धुकं येत होतं, जात होतं. तिनं फोनकडे बोट दाखवलं. समीक्षानं ठरवलं होतं की आज सांगायचं नाही, बरी झाल्यावर सांगू. पण ताईचं बोट फोनकडे तसंच राहिलं.

समीक्षानं सगळं सांगितलं. हजेरी, टीसी, बदललेला शब्द, सगळं. ताईनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं केलं. आई पलंगाची पट्टी धरून उभी. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं पाणी मागितलं, ते आईनं दिलं आणि परत येऊन तीच पट्टी धरली.

मग ताईचा हात मागं आला आणि चुटकी वाजली. वही.

समीक्षानं पिशवीतली वही उघडून पुढं धरली. ताईनं ते पान बघितलं. 'हजेरी. नाव राहतेच' वर तिचं नख बराच वेळ टेकून राहिलं. मग तिनं मास्क थोडा उचलला.

"मेलच्या खाली... काय आहे? खाली काहीतरी राहतेच."

खरंच होतं. बारीक अक्षरांत, समीक्षानं नेहमीचा छापील मजकूर समजून सोडून दिलेलं. या निर्णयावर एक महिन्याच्या आत 'विडरश्प्रुख' देता येईल. समीक्षानं घाईघाईनं पहिल्या रकान्यात तो शब्द उतरवला. दुसऱ्यात लिहिलं: ऑब्जेक्शन, प्रोटेस्ट, अपील. तिसऱ्याशी येऊन पेन थांबलं.

"म्हणजे अर्ज करता येते?" बाबांनी विचारलं. "मंग ऐकतीन का ते?"

"माहीत नाही," समीक्षा म्हणाली. आजवर तिनं हे दोन शब्द बाबांना क्वचितच ऐकवले होते. "बाबा, तिसऱ्यात काय लिवू? तक्रार? हरकत?"

"तो रकाना राहू दे," मास्कआडून ताईचा आवाज आला, दमलेला, आणि अजून रागावलेला. "आधी तारीख लिव."

समीक्षानं लिहिली. पंधरा एप्रिल. आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.