मनगटावरची खूण

अश्विननं गोविंदाचं डोकं दोन्ही मांड्यांमध्ये दाबून धरलं, वाकून कमरेला मिठी घातली, आणि लकडगंजचं मैदान एका दमात उठून उभं राहिलं.

"पहाडतोड! पहाडतोड!"

पब्लिक आलं होतं ते याच डावासाठी. आधीची मारामारी म्हणजे नुसतं तोंडी लावणं. अश्विननं समोरच्याला उलटा उचलायचा, क्षणभर तसाच टांगून ठेवायचा आणि धाडकन मॅटवर आपटायचा. पोस्टरवर दंड अश्विनचे आणि नावही अश्विनचंच. पण शंभर किलोचा माणूस नुसत्या दंडांनी वर जात नाही. खालच्यानंही उडी मारायची असते, हनुवटी छातीला चिकटवायची असते. तयारी झाली की त्यानं वरच्याचं मनगट दाबायचं. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ही खूण. ती मिळाल्याशिवाय उचलायचं नाही. जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं असतं, पण मान खरी असते.

आणि गेल्या महिन्यात भिवापूरला अश्विनचा हात निसटला होता. गोविंदा मानेवर पडला, थोडा वेळ तसाच पडून राहिला, मग हसत उठला. "काही नाही झालं गा," म्हणाला. तेव्हापासून अश्विनच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज कपडे बदलताना गोविंदानं पाय पुढे केला होता.

"लेस बांधून दे न बे. आज चॅम्पियनच्या हातानं सेवा करून घेतो."

अश्विननं हसत बांधून दिली. माफ केलं गड्यानं, असं वाटून त्याला फार बरं वाटलं होतं.

आता गोविंदाचा हात त्याच्या मनगटावर होता. नुसता ठेवलेला. दाब येत नव्हता.

"दाब!" अश्विन दात आवळून म्हणाला.

गोविंदाचं अंग एकदा वर उसळलं. सुटायला बघतोय की काय? कडेला उभे असलेले आयोजक चंपतराव दोन्ही हात वर करून खुणावत होते, उचल, उचल. खाप्याहून अश्विनचे गाववाले टेम्पो भरून आले होते, तेही गळा फाडून ओरडत होते. गोविंदा पुन्हा उसळला. मनगटावर काहीच नाही.

भ्याला. आपल्यावरचा भरवसाच उडाला याचा.

अश्विननं मिठी सोडली. स्वतःची कंबर धरून तो कण्हत आडवा झाला आणि गोविंदाला त्यानं आपल्या अंगावर ओढलं.

"झोप मायावर. उठू नको."

पंच गोंधळला, पण त्यानं मॅटवर हात आपटत तीन मोजले; चॅम्पियन हरला. मैदानात आधी शांतता, मग शिव्या. अश्विन उठत असताना पाण्याची एक बाटली येऊन त्याच्या पाठीवर बसली. खाप्याची मंडळी माना खाली घालून निघाली होती.

कपडे बदलायच्या खोलीत चंपतराव येऊन वाटेल ते बोलून गेले. ते गेल्यावर गोविंदानं विचारलं,

"काहून नाही उचललं बे?"

"तुले भेव वाटलं न. मले राग नाही आला, गोविंदा. चूक मायीच होती."

"कशाचं भेव?"

"मनगट कुठं दाबलं तूनं?"



"दाबलं ना गा. दोन्ही बार. पुरा जोर लावला होता मीनं."

गोविंदाच्या बाकासमोर खाली बसून अश्विननं आपला हात पुढे केला.

"आता दाब."

गोविंदानं मनगट धरलं. त्याचा जबडा आवळला, कपाळावरची शीर तटतटून वर आली, चेहरा लाल झाला. बोटं मनगटावर नुसती टेकून होती.

"जोर लागून राहिला न?" त्यानं विचारलं.

अश्विननं मान खाली घातली आणि गोविंदाच्या बुटाची लेस सोडायला घेतली.