दोन होड्या, एक बदक

पाठीवर बोचकं टाकून देश बघत हिंडणारी जोडपी आमच्या घाटावर उतरतात, तेव्हा मी त्यांचे चेहरे बघत नाही. चेहरे सगळ्यांचे सारखेच, वरून भाजलेले आणि आतून बिघडलेले. मी बोचकी बघते. त्याचं जड आणि तिचं हलकं असेल तर प्रेम नवं आहे. दोन्ही सारखी असतील तर मुरलेलं आहे. आणि दोघं पाणी आपापल्या बाटलीतून पीत असतील, तर मी फान आजोबांना हाक मारते आणि पैज लावते.

पैज साधी असते. आमच्या गावातून निघायला दोनच वाटा, नदीला वर जाणारी होडी आणि खाली जाणारी होडी. जोडपं एकाच होडीत बसलं की आजोबा जिंकले, दोन होड्यांत बसलं की मी. हरणाऱ्याने एक बदक द्यायचं. आजोबा तरुणपणी विहारात भिक्खू होते, त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. मी खोल्या भाड्याने देते आणि चादरी स्वतः धुते. त्यामुळे बदकं बहुतेक माझ्या अंगणात असतात.

लेन्का आणि राडेक खालून आले ते ओलेचिंब. चेक देशातली माणसं. घाटाजवळच्या दगडांवर होडी आदळली आणि लेन्का पाण्यात गेली. पाणी कमरेइतकंच होतं, पण वरून ते कळत नाही. राडेकने तिला ओढून काढली, आणि काढताना एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी तिथूनच आजोबांना म्हटलं, "बदक."

"अगं, जीव वाचवला त्याने तिचा," आजोबा म्हणाले.

"बोचकं आधी वाचवलं. तिला मागून."

"एकाच होडीने जातील. बघशील तू."

संध्याकाळी लेन्का माझ्या चुलीपाशी येऊन बसली. ती बाजारापुरती आमची लाओ भाषा बोलायची, उरलेलं हातांनी. म्हणाली, "मावशी, उद्या आम्हाला दोन होड्या लागतील. तो वर जाणार, मी खाली. ठरलंय आमचं."

"भांडलात?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडण संपलंय."

हे मी आजोबांना सांगितलं नाही. पैज म्हणजे काही ग्रामसभा नव्हे.

पण पोरीची लक्षणं ठीक नव्हती. चिकट भाताचा गोळा हातात धरून बसली होती आणि तो तसाच वाळत होता. कोंबडं आरवलं तरी दचकत होती. माझ्या लेकीने, वन्नालीने, एकदा बघितलं आणि म्हणाली, "आई, हिचे ख्वान पाण्यात राहिलेत." ख्वान म्हणजे अंगात वस्तीला असणारे जीव, बत्तीस असतात. भ्याले की अंग सोडून पळतात आणि रस्ता चुकलेल्या रेडकासारखे उभे राहतात तिथेच. त्यांना हाका मारून आणावं लागतं, आणले की मनगटाला पांढरा दोरा बांधून अडकवावं लागतं. हाका मारायचं काम गावात एकट्या फान आजोबांचं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, होड्या सुटायच्या आधी, हे उरकून घ्यायचं ठरलं.

आता इथे माझी जी अडचण होती ती सांगते. पुढच्या आठवड्यात याच घरात वन्नालीचं लग्न होतं. नवरामुलगा सोमखित गरीब स्वभावाचा, पण त्याची आई ओनसी म्हणजे तागडी घेऊन जन्माला आलेली बाई. आमच्या रीतीप्रमाणे तिला मुलगा माझ्या घरी नांदायला पाठवावा लागणार होता आणि वर सोनंही द्यावं लागणार होतं, आणि दोन्ही गोष्टी तिला सारख्याच झोंबत होत्या. घासाघीस कधीच संपली होती, म्हणून आता ती शकुन शोधत होती. मागल्या खेपेला माझ्या जिन्याची तिसरी पायरी वाजते म्हणून तोंड वाकडं करून गेली. लेकीचा जीव सोमखितवर होता. हे लग्न मोडलं असतं तर तिने दुसरं केलं नसतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं, कारण हट्ट तिने माझ्याकडूनच घेतलाय.

सकाळी चटया पसरल्या. वन्नाली लग्नासाठी केळीच्या पानांचे शंकू वळायचा सराव करत होती. त्यातलाच एक, झेंडू खोचलेला, मधे मांडला. भाताची दारू, उकडलेलं अंडं, केळी, सगळं आलं. लेन्काच्या कोपराला कुणीतरी हात लावून बसायला हवं, म्हणून राडेकला शेजारी बसवला. शेजारपाजार जमला. आणि जिन्याची तिसरी पायरी वाजली. ओनसी विहीण, लिंबाची पानं मागायला. तिच्या दारात लिंबाचं झाड आहे.

आजोबांनी डोळे मिटले. मंत्र सुरू व्हायला हवा होता तो असा: "या रे ख्वानांनो, पाण्यातून या, दगडाखालून या." तोंडातून आलं ते असं:

"सोन्याची फांदी आज चांदीच्या फांदीला टेकली…"

वन्नालीने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण शंकूकडे बघायला लागली. हा लग्नाचा मंत्र होता. आजोबा महिनाभर वन्नालीच्या लग्नासाठी तो घोकत होते, आंघोळ करतानासुद्धा. समोर शंकू लग्नाचा, समोर एक बाप्या आणि एक बाई खांद्याला खांदा लावून. जीभ आपल्या वाटेला लागली.

थांबवायचं कुणी? मंत्र मधेच तोडला तर येणारे ख्वान रस्त्यात अडकतात. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी हात जोडून, मुकाट्याने, दोन चेक माणसांचं लग्न लागू दिलं. अंडं सोललं गेलं, अर्धं तिने त्याला भरवलं, अर्धं त्याने तिला. दोघांना वाटलं औषध आहे. एकाच दोऱ्याचे दोन तुकडे दोघांच्या मनगटांना बांधले. म्हाताऱ्या बायांनी "पोरंबाळं होवोत" म्हटलं. लेन्काने दोन्ही हात जोडून आभार मानले आणि चार घास भात खाल्ला. तेवढं मात्र काम झालं.

ओनसी उठली, माझ्याजवळ आली आणि हसून म्हणाली, "अभिनंदन हो विहीणबाई. घरात लग्न लागलं."

"परदेशी आहेत. त्यांना काय त्याचं?"

"त्यांना नसेल. घराच्या देवाला आहे. त्याने दोरा पाहिला, पासपोर्ट नाही पाहिला." मग घाटाकडे बघत म्हणाली, "दोरा तीन दिवस मनगटावर राहायचा आणि जोडप्याने तीन दिवस एका छपराखाली. हे पाळलं तर उत्तम. नाही पाळलं, तर ज्या घरात लागलेलं लग्न तीन दिवस टिकत नाही, तिथे मी पोटचा मुलगा पाठवणार नाही. मला वाईट वाटेल हं, पण नाही पाठवणार."

वाईट वाटण्याचं एकही चिन्ह नव्हतं.

ती गेल्यावर मी आजोबांना गाठलं. "बदकासाठी केलंत ना हे?"

"चुकलं गं. म्हातारा झालो."

"एका बदकासाठी माझ्या पोरीच्या संसारावर उठलात."

"चुकलं म्हणतोय ना."

"तुमची जीभ कधी चुकत नाही. हरायला लागलात की चुकते."

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि गेला. मी मनात म्हटलं, लबाड.

मग मी लेन्काकडे गेले. होडी बिघडलीय असं सांगणार होते, पण दोन्ही होड्या समोर धडधडत उभ्या होत्या. म्हणून खरं ते सांगितलं. ती आधी हसली. मग मनगटाकडे पाहिलं आणि हसायची थांबली. राडेकला समजावून सांगायला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"तीन दिवसांनी आमचा घटस्फोट आपोआप होतो का, विचारतोय."

"त्याला सांग, माझ्या वेळी ही सोय असती तर मीही विचारलं असतं."

लेन्का वन्नालीकडे बघत राहिली. वन्नाली पायरीवर बसून लग्नाच्या लुगड्याची किनार शिवत होती आणि आमच्याकडे न बघण्याचा आटापिटा करत होती. "राहतो आम्ही, मावशी," लेन्का म्हणाली. "पण याला सांगा, शीळ घालायची नाही."

राहिले. आणि मदत करायची म्हणून इतकी मदत करायला लागले की मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओनसी पुन्हा लिंबाची पानं मागायला आली, तर हे दोघं ओसरीवर हातात हात घालून बसलेले. राडेकने तिचे केस कानामागे सारले. ओनसीने मान फिरवली.

"हे नवराबायको?" ती म्हणाली. "लग्न झालेल्या माणसांना एवढा वेळ कुठून मिळतो? विहीणबाई, तुम्ही मला फसवताय. ही तर पळून आलेली पोरं वाटतात."

ती गेल्यावर मी लेन्काला फैलावर घेतलं. "हात सोडा आधी. असं कुणी नांदतं का? त्याने नदीकडे तोंड करून बसायचं, तू चुलीकडे. मधूनच त्याला सांगायचं की त्याने लाकडं ओली आणलीत. त्याने ऐकलं नाही असं दाखवायचं. झालं लग्न."

"हे तर आम्ही तीन महिने करतोय," लेन्का म्हणाली.

"मग अवघड काय आहे?"

तिसऱ्या दिवशी नाटक करायची वेळच आली नाही. त्यांच्याकडे पाणी गाळायची एक गाळणी होती, बोटभर, निळी. एवढ्या सामानात दोघांची मिळून तेवढीच एक वस्तू उरली होती. ती कुणी न्यायची, यावरून सकाळी सुरुवात झाली. त्यांची भाषा मला येत नाही, पण भांडण सगळं कळलं. ती म्हणत होती, तू वर डोंगरात जाणार, तिथलं पाणी घाण, तू घे. तो म्हणत होता, तुझं पोट नाजूक, तू घे. आणि हे एकमेकांना असं ओरडून सांगत होते की कोंबड्या घराखालच्या खांबांत लपल्या. शेवटी तिने टोपी आपटली आणि त्याने नदीकडे तोंड केलं.

ओनसी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून बघत होती. ती हळूहळू वर आली, माझ्याशेजारी बसली आणि सुपारीचं पान जुळवायला लागली.

"आता कसं," ती म्हणाली. "आता घर वाटतंय." पान गालात ठेवून म्हणाली, "माझे मालकही असेच. आपटायला माझ्याकडे टोपी नव्हती, टोपली होती." उठताना म्हणाली, "पायरीला खिळा मारून घ्या. सोमखित जड आहे."

चौथ्या दिवशी दोघांनी एकमेकांचा दोरा सोडवला. कापायचा नसतो, गाठ सोडवायची असते. गाठ फान आजोबांची, सुटता सुटेना, तेव्हा दोघांची डोकी त्या मनगटांवर बराच वेळ वाकलेली होती. मी आत गेले. माझं काही तिथे काम नव्हतं.

वरची होडी आधी सुटली. राडेक चढला. मग खालची आली, लेन्का चढली. तिने मला हात केला, वन्नालीला केला, नदीच्या वरच्या अंगाला बघितलं, पण तोवर वळणापलीकडे काही दिसत नव्हतं. मी पैज जिंकले. खोली झाडायला गेले तर उशाखाली निळी गाळणी. त्याने तिच्या सामानात घातली असणार, तिने ती काढून त्याच्या उशाखाली सरकवली असणार, आणि तो न बघताच गेला. एवढी अक्कल दोघांना आधी सुचली असती तर माझं बदक गेलं असतं. गाळणी अजून माझ्या फळीवर आहे. मी तिने दारू गाळते.

आजोबांनी बदक मुकाट्याने आणून दिलं. मी ते मुकाट्याने घेतलं आणि लग्नात त्याचं लाप केलं, म्हणजे मसाल्यात कालवलेलं मांस. त्यांच्या पानात बदकाची नुसती हाडकी मान वाढायची, असंही मी ठरवून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. पायरीला खिळा होता. शंकू ताजा, अंडं गुळगुळीत. वन्नाली खाली मान घालून बसलेली. सोमखित घामाने निथळत होता, त्याला मिरवणुकीत दारापाशी पाहुण्यांनी इतकी पाजली होती की तो बसल्या जागी डोलत होता. आजोबा मांडी घालून बसले. माझ्याकडे एकदा पाहिलं. महिनाभर घोकलेलं, आता फक्त म्हणायचं. त्यांनी डोळे मिटले.

"या रे ख्वानांनो, पाण्यातून या, दगडाखालून या…"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ओनसी माझ्याकडे बघत होती. शंभर माणसं हात जोडून गप्प. मंत्र मधे तोडता येत नाही. आजोबा खड्या आवाजात नदीच्या तळाशी हाका मारत होते, मगरीच्या जबड्यातून बोलवत होते, भोवऱ्यातून बोलवत होते, आणि माझा जावई, चेहरा पांढराफटक, ऐकत होता.

ओनसी माझ्याकडे झुकली.

"असू दे," ती कुजबुजली. "दिसतोय तर बुडाल्यासारखाच."

अंडं फुटलं, भरवलं, दोरे बांधले. आजोबांनी डोळे उघडले आणि हळूच मला विचारलं, "बरोबर म्हटलं ना गं या वेळी?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं.

त्यांच्या पानात मी छातीचं मांस वाढलं.

माझ्या घरात लग्नाचा मंत्र ज्यांच्यावर पडला, ते दोन होड्यांतून गेले. ज्यांच्यावर बुडालेल्यांचा पडला, ते अजून एका ताटात जेवतात आणि लाकडं ओली का आणली यावर भांडतात. यातून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही.

लग्नानंतर दोन दिवसांनी आजोबा कुंपणापाशी आले. "बुआलाय, तुझं एक बदक माझ्या अंगणात आलंय. जाडजूड आहे."

"घर विसरलं असेल."

"पायाला दोरी बांधून विसरलं?"

"विसरतं हो माणूस," मी म्हटलं. "आणि ते बघा, घाटावर एक जोडपं उतरतंय. त्याचं बोचकं बघा आणि तिचं बघा. काय म्हणता?"

आजोबांनी डोळ्यांवर हात धरला. "एकाच होडीने जातील," ते म्हणाले.