काचेच्या अलीकडे

मॅडमची सगळी नोकरी काचेमागे गेली. पलीकडच्या खोलीत शिकाऊ समुपदेशक एखाद्या कुटुंबाशी बोलायचे. अलीकडे अंधारात बसून मॅडम पाहायच्या, आणि गाडी रुळावरून घसरतेय असं वाटलं की आत फोन लावायच्या. त्यांना सगळे दिसत, त्या कुणालाच दिसत नसत.

यंदाच्या शिकाऊंमधल्या एकीला, आवाज बारीक म्हणून, सगळे चिमणी म्हणत. तिच्यासमोर आई, बाप आणि बापाशी अबोला धरलेली त्यांची लेक बसली होती. चिमणी सारखी लेकीचीच बाजू घेत होती.

मॅडमनी फोन केला. "अगं, बापाला तोंड उघडू दे की!"

"हो मॅडम," म्हणून चिमणीने फोन ठेवला, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी बाप उठून चालता झाला.

"ऐकायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालीस?" नंतर मॅडम कडाडल्या.

चिमणीचे डोळे भरले. "तुमचं बरोबरच असतं हो. पण आत मी एकटी असते."

"पुढच्या वेळी मी तुझ्याशेजारी बसते," मॅडम म्हणाल्या.

बसल्या. आईने बापालाही कसंबसं ओढून आणलं होतं. चिमणीने या वेळी आधी त्यालाच विचारलं, "लेक बोलत नाही, तेव्हा घरात काय करता?"

तो नखं बघत म्हणाला, "टीव्ही मोठ्याने लावतो. घर खायला उठतं."

रोज संध्याकाळी रिकाम्या घरात मॅडम तरी दुसरं काय करत होत्या?

"मला वाटायचं, मला डिवचायला मोठ्याने लावता," लेक म्हणाली. बोलली, आणि तेही थेट बापाशी! आईने तोंडावर पदर धरला.

मॅडमना रडू आवरेना. चिमणीने त्यांच्याकडे न बघताच कागदी रुमालांचा खोका हळूच सरकवला आणि बापलेकीशी बोलत राहिली.

सगळे गेल्यावर तिने विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?"

"डोळ्यात काहीतरी गेलं गं."

चिमणीने फार खोदलं नाही. "पुढच्या वेळी मी एकटी बसू? जमेल मला."

"बस की. जमलंच आहे तुला."

जिन्यातून मैत्रिणींनी हाक मारली तशी ती पळाली. मॅडम खुर्च्या सरळ करत राहिल्या. झाल्या, तरी पुन्हा केल्या. घरी जायची घाई नव्हतीच.