काठवटीवरचा हात

मला माणसाचं तोंड कधी नीट दिसत नाही. मला दिसतात ते तळहात. एकाच बाईचे तळहात मी तिच्या परकरातल्या वयापासून बघत आलेय आणि आज बोलायला बसलेय तीही त्यांच्याचबद्दल. मी काठवट, पीठ मळायचं आणि भाकरी थापायचं लाकडी भांडं. मंगळवार पेठेत धनपाल मगदुमांच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी असते. तुमच्या घरी परातीत भाकऱ्या होत असतील, तर खुशाल नाक मुरडा. या घरातली स्टीलची परातही मुरडते. मला त्याची सवय झालीय.

आजऱ्याकडच्या एका फणसाच्या खोडातून आकाराम सुतारानं मला कोरून काढलं. म्हातारा भारी चिडका होता. तासताना लाकडाला शिव्या द्यायचा, पण आतून हात फिरवून कुठं खरखर लागत नाही याची खात्री झाल्याशिवाय त्यानं मला बाजारात ठेवलं नाही. त्या बाईचे, म्हणजे पद्मावतीचे, वडील तिकडं तांदूळ न्यायला आले होते. पोत्यांच्या मधे मला बसवून त्यांनी शिरोळला आपल्या घरी नेलं.

तिथं पद्मावती माझ्यापुढं पहिल्यांदा मांडी घालून बसली. तिची पहिली भाकरी कुठल्याच आकाराची नव्हती. तिची आई शेजारी बसून ओरडायची, "आगं, नुसत्या बोटांनी काय खेळतीस? तळव्यानं थाप, तळव्यानं!" पण पोरगी हट्टी. तिनं बोटांनीच थापायचं ठरवलं आणि तसंच थापून दाखवलं. पुढं तिची बोटं इतकी हलकी झाली की भाकरी माझ्यावर गरगर फिरायची आणि मला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. लग्नात भांड्यांबरोबर मीही तिच्या सासरी आले. मगदुमांचं घर जैन, तिथं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं असतं. त्यामुळं संध्याकाळी घाई असायची, पण तिच्या भाकरीचा काठ कधी चिरला नाही. पावणे भाकरी मोडायच्या आधी उलटीपालटी करून बघायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर म्हणाले. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. त्या सगळ्या काळात मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. सून अपूर्वा परातीत चपात्या करायची. पोरगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण भाकरीच्या वाटेला ती जायची नाही.

पद्मावती परत आली तेव्हा डोक्यावर नवे मऊ केस होते आणि औषधाच्या डब्यात एक बारकी गोळी होती. ज्या हार्मोनवर ती गाठ पोसली होती, तो अंगात तयारच होऊ द्यायचा नाही, हे त्या गोळीचं काम. रोज घ्यायची आणि काही वर्षं घ्यायची. सकाळी नाष्टा झाला की ती माझ्याजवळ उभी राहून गोळी घ्यायची आणि मग पीठ मळायला बसायची.

थोड्याच महिन्यांत मला तिचा हात ओळखू येईना.

सकाळी तिची मूठ मिटायची नाही. बोटं पिठाच्या उंड्यावर ठेवली की जागच्या जागी आखडायची. अंगठा मधेच अडकायचा आणि कट्कन सुटायचा, तेव्हा तिच्या तोंडून बारीक "आई गं" निघायचं. नळाची तोटी तिला फिरेना, डब्याचं झाकण उघडेना, ब्लाऊजची बटणं लागेनात. जमिनीवरून उठताना गुडघे बोलायचे. भाकरीचे काठ चिरायला लागले. ती पाणी जास्तच कढत घ्यायची आणि त्या ऊन पिठात हात रोवून डोळे मिटून बसायची. ऊब लागली की बोटं जरा सैल व्हायची. घरच्यांना वाटायचं, आज मळायला लई वेळ लागतोय.

कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पीठ जुनं हाय, चिकाटी न्हाय त्याला." पीठ चांगलं ताजं असायचं.

भाद्रपद आला, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. पद्मावतीनं एकाशन धरलं. दिवसातून एकदाच जेवण, पाणीही त्याच बैठकीला. सकाळचा नाष्टाच नाही, मग गोळी कशावर घ्यायची? कुणी तिला बंद कर म्हणालं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं, पर्व होऊ दे, मग बघू.

पर्व संपलं, पारणं झालं. ती माझ्यासमोर बसली आणि काय सांगू तुम्हाला! बोटं सैल पडायला लागली होती. दिवस जातील तसा हात आणखी हलका होत गेला. अंगठा अडकायचा थांबला. भाकरी पुन्हा माझ्यावर गरगर फिरायला लागली. बस्तीत, म्हणजे जैन देवळात, बायका म्हणाल्या, "पर्वाचं पुण्य म्हणायचं, दुसरं काय!" पद्मावतीला ते मनापासून पटलं. उपासानं अंग शुद्ध झालं, आता गोळी कशाला, असं तिच्या मनानं घेतलं. नाष्टा झाला की ती औषधाच्या डब्याकडं बघायची आणि तशीच पुढं जायची. गल्लीभर भाकऱ्या वाटल्या तिनं. मीही खुशीत होते. लाकडाला डॉक्टरी कुठली कळतेय!

दिवाळीच्या आधी अपूर्वा गोळ्यांचं नवं पाकीट घेऊन आली. ठेवायला डबा उघडला तर जुनी पाकिटं तशीच भरलेली. ती सरळ स्वयंपाकघरात आली. पद्मावतीचे हात पिठात होते.

"आत्ती, गोळ्या कवापास्नं बंद केल्यासा?"

"पर्वापास्नं. आगं, हात बघ की माझं! कसं मोकळं झाल्यात. व्रताचं फळ हाय ते."

"व्रताचं न्हाय, आत्ती! गोळी सोडली म्हणून मोकळं झाल्यात!" अपूर्वाचा आवाज चिरकला. "गाठ परत आली म्हंजे?"

पद्मावतीचा हात माझ्यात थांबला. मग ती इतक्या जोरात बोलली की ओट्यावरची परातसुद्धा दचकली असेल. "मग काय करू? तुला ठाव हाय, सकाळी मला दात घासाय येत न्हाई ते? केस इंचराय येत न्हाईत! त्या गोळीनं मी जगीन गं, पर हात लाकूड हुत्यात. असल्या हाताची बाई घरात नुसती बसवून ठेवायची काय?"

आवाज ऐकून तिचे यजमान धनपाल दारात आले. माणूस अबोल, जेवताना मीठ कमी असलं तरी न बोलणारा. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "भाकऱ्या इकत मिळत्यात. तू कुठल्या दुकानात मिळत्यास, तेवढं सांग मला."

पद्मावती रडली. तिच्या डोळ्यांचं पाणी पिठात पडलं आणि ते पीठ तिनं तसंच मळलं. मला तेव्हा वाटलं, ही बाई आता काय ठरवते त्यावर या घराचं सगळं आहे.

दुसऱ्याच दिवशी तिघं दवाखान्यात गेली. काठवटीला तिकडं कोण नेणार? पण परत आल्यावर पद्मावती मळत होती आणि सांगत होती, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पण मला न सांगता गोळी सोडायची नाही. तुम्ही सांगितलंत तर माझ्याकडं उपाय आहेत." त्यांनी तेच काम करणारी दुसरी गोळी दिली. हीसुद्धा दुखवू शकेल, हेही स्पष्ट सांगितलं. रोज चाला म्हणाल्या, हात शेका, बोटांचे व्यायाम करा, मूठ मिटायला मऊ चेंडू दाबा.

"चेंडू कशाला?" पद्मावती म्हणाली. "उंडा हाय की घरात!"

आता खरं सांगते. मला तिचा तो हलका हात हवा होता. तिलाही हवा होता. मोकळी बोटं कशी असतात हे नुकतंच अनुभवून, ती पुन्हा आखडणार हे माहीत असून, तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी नवी गोळी माझ्या काठावर ठेवली. थोडा वेळ बघत बसली. मग उचलून तोंडात टाकली. ऑपरेशनला माणूस एकदाच धीर गोळा करून जातो. हा धीर रोज सकाळी नव्यानं गोळा करावा लागतो. मी लाकूड असूनही त्या बाईपुढं मान खाली घालते.

दुखणं परत आलं. पहिल्याइतकं नाही, पण आलं. आता ती सकाळी ऊन पिठाचा उंडा हळूहळू दाबते, सोडते, पुन्हा दाबते. मग थापते, पण बोटांनी नाही. तळव्यानं. शिरोळला तिच्या आईनं ओरडून सांगितलेलं तिनं अखेर ऐकलं, तेही केस पांढरे झाल्यावर! भाकरी पूर्वीपेक्षा लहान होते. उचलून तव्यावर टाकायचं काम अपूर्वाचं. पहिल्या काही भाकऱ्या तिनं दुमडून टाकल्या, तेव्हा पद्मावती म्हणाली, "व्हय गं, चादर घडी कराय शिकवलं नव्हतं मी!" आणि दोघी हसत सुटल्या. एका भाकरीला दोन बायकांचे हात लागलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

यंदा पुन्हा भाद्रपद आला. बस्तीतल्या बाळाबाई चौकशीला आल्या. पर्वात कुणी मीठ सोडतं, कुणी साखर, कुणी तूप. "पद्माक्का, यंदा काय सोडणार?"

"गेल्या साली सोडाय नको ते सोडलं," पद्मावती म्हणाली. "यंदा एकाशन हाय, पर गोळी त्याच बैठकीला घेणार. तसा नियमच घेतलाय देवापुढं. जोवर डॉक्टरीणबाई सांगतील तोवर."

बाळाबाई हळूच आपली आखडलेली बोटं पदराखालून काढून म्हणाल्या, "त्या उंड्याचं कसं करतीस, मला पण दाव की."

पद्मावतीनं त्यांना माझ्यापुढं बसवलं.

माझ्या काठाला आता चीर गेलीय. फार वर्षं राहिली नाहीत माझी, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जायच्या आधी एकच मागणं आहे. तुमच्या ताटात कधी काठ चिरलेली भाकरी आली, तर पीठ कसलं आणलं म्हणून विचारू नका. उठून आत जा आणि जिनं थापली तिचा हात हातात घेऊन बघा.