घड्याळकाकांनी मला निवडलं

मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका, मी एक जुना बो-प्रेस आहे. ज्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्याची दोरी नुसत्या हातांनी बदलता येत नाही. त्याचे पाटे, म्हणजे मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या पट्ट्या, एवढे ताणलेले असतात की पैलवानालाही दाद देत नाहीत. ते पाटे हळूहळू वाकवून दोरी सैल करायची, हे माझं काम. माझे दोन रूळ पाट्यांच्या मध्यावर टेकतात, माझा स्क्रू धनुष्याचा मधला दांडा ओढतो आणि पाटे निमूटपणे वाकतात. एवढंच मला येतं, पण ते मला फार छान येतं. खोटं कशाला बोलू?

लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरनं मला धनुर्विद्येच्या क्लबसाठी घडवलं. माझ्या स्क्रूचे आटे त्याच्या मनासारखे येईनात, म्हणून त्यानं तीनदा नवा स्क्रू कापला. क्लबातले मिस्त्री माझ्यावर बेहद्द खूश होते. ते अर्धा फेरा फिरवायचे, हँडल सोडायचे, दोन पावलं मागे सरकून दोन्ही पाटे बघायचे आणि मगच पुढचा अर्धा फेरा. शिकाऊ पोरांना ते बजावायचे, "धनुष्य दाबताना तोंड लांब ठेवायचं. दात परत येत नाहीत!" त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू! स्पर्धा जवळ आली की माझ्यापुढे रांग लागायची.

मग धनुष्यं बदलली. नव्या धनुष्यांचे पाटे आखूड आणि जवळजवळ आडवे. त्यांना मध्यावर दाबून चालत नाही, टोकाशी, चाकांच्या अगदी जवळ धरावं लागतं. मिस्त्रींनी एकही नवं धनुष्य माझ्यावर चढवलं नाही. माझ्यावर गोणपाट टाकलं आणि टोकाशी धरणारा नवा प्रेस आणला. मला भयंकर राग आला होता. वाटलं, एकदा संधी तर द्या! पुढे मिस्त्री निवृत्त झाले, खोली रिकामी झाली आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

तिथे एक दिवस घड्याळकाका आले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांची लेक धनुर्धर होती आणि दोन दिवसांवर तिची निवड चाचणी होती. त्याच सकाळी तिच्या धनुष्याच्या दोरीचे धागे सुटलेले दिसले. नवी दोरी घरात होती, पण बदलणारा कारागीर परगावी गेलेला. सरावाला जाताना लेक सांगून गेली होती, "बाबा, मी आल्यावर आपण प्रेस बघायला जाऊ. टोकाशी धरणारा हवा. तोवर धनुष्याला हात लावू नका."

पण काकांना राहवेना. तिच्या आधी काम फत्ते करून तिला चकित करायचं त्यांच्या मनात होतं.

"हा सगळ्या धनुष्यांना चालतो का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"डोळे मिटून न्या हो काका. प्रेस म्हणजे प्रेस!"

काकांनी माझा स्क्रू फिरवून पाहिला. आटे लोण्यासारखे फिरले. ते पाहून ते हरखले आणि मीही हरखलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला निवडलं होतं, मित्रांनो! धनुष्य कसलं आहे, हा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

आला तो दुपारी, काकांनी ते माझ्या रुळांवर ठेवलं तेव्हा. पाटे आखूड होते, आडवे होते. माझे रूळ नको तिथे, बरोबर मध्यावर टेकले होते. मी मनातल्या मनात ओरडलो, अहो काका, नको! पण लोखंडाला तोंड कुठून असणार?

काकांनी टेबल पुसलं, नवी दोरी शेजारी मांडली आणि हँडल धरलं. पाच फेरे झाले, सहा झाले. जुनी दोरी अजून ताठच होती. माझे रूळ पाट्यांत रुतायला लागले. दहा फेरे. अकरावा फेरा संपला आणि 'टक्' असा बारीक आवाज आला.

काका थांबले. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे मिस्त्रींनी जन्मात केलं नसतं. ते खाली वाकले आणि त्यांनी पाट्याला कान लावला! आयुष्यभर ते घड्याळांचं दुखणं असंच ऐकत आले होते. आवाज कुठून आला, हे त्यांना ऐकायचं होतं. त्यांचं कानशील पाट्याला टेकलं होतं आणि हात हँडलवरच होता. आणखी अर्धा फेरा फिरला असता, तर तो पाटा फुटून सरळ त्यांच्या डोक्यात बसला असता. 

इतक्यात दार उघडलं. लेक उंबऱ्यावरच थिजली. पण ती किंचाळली नाही. दचकून बाबांचा हात फिरला तर संपलंच, हे तिला कळलं होतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हँडल सोडा. फिरवू नका, नुसतं सोडा."

"अगं, थांब जरा, आतून काहीतरी बोलतंय..."

"बोलू दे. हात सोडलात? आता मान वर घ्या. मागे या. अजून मागे."

काका भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले. तिनं डोळ्यांना चष्मा लावला, जाड जाकीट अंगात चढवलं आणि बाजूला उभं राहून, हात लांब करून ती हँडल उलटं फिरवू लागली. अर्धा फेरा आणि थांबायचं. अर्धा फेरा आणि थांबायचं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी माझा एकेक आटा घट्ट धरून होतो. अकरा फेरे उलटायला तिला पाऊण तास लागला.

धनुष्य उतरवून तिनं पाट्यावरून कापूस फिरवला. मध्यावर कापसाचे तंतू अडकले. तिथे केसाएवढी चीर होती.

काका मटकन खुर्चीत बसले. "माझ्यामुळे तुझी चाचणी गेली गं पोरी."

"गेली," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं बाबांचा कान हातात धरला. "पाटा नवा मिळतो बाबा. चाचणी पुढच्या वर्षी पुन्हा असते. हा कान कुठल्या दुकानात मिळतो, सांगा बरं?"

काका लहान मुलासारखे रडले.

पुढच्या आठवड्यात दोघं नवा प्रेस घ्यायला गेले, ते कारागिराकडून दुरुस्त करून आणलेलं धनुष्य बरोबर घेऊनच. घरी आल्यावर काका शेजाऱ्यांना सांगत होते, "आधी धनुष्य चढवून पाहिलं. टोकाशी नीट धरतो का, दोन्ही बाजू सारख्या सरकतात का, सगळं बघितलं. आटे किती मऊ फिरतात ते सगळ्यात शेवटी!"

मला वाटलं, आता मी भंगारात जाणार. पण काकांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला, घड्याळाच्या तबकडीवर आकडे काढायचा बारीक ब्रश घेतला आणि माझ्या अंगावर सुबक अक्षरांत लिहिलं, 'फक्त जुन्या, लांब पाट्यांच्या धनुष्यांसाठी. नव्यांना धोका.' मग मला ते जुनी धनुष्यं वापरणाऱ्या एका क्लबात देऊन आले.

मित्रांनो, 'सगळ्यांना चालतो' ही स्तुती जवळजवळ एका बापाच्या जिवावर बेतली होती. म्हणून एवढं ऐका. एखादं अवजार घरी आणाल, तेव्हा त्याला काय जमतं ते विचाराच, पण काय जमत नाही तेही विचारा. आम्हाला ते सांगता येत नाही. माझ्यासाठी ते काकांनी लिहिलं, आणि आता माझ्याजवळ येणारा प्रत्येकजण हँडलला हात लावायच्या आधी ते वाचतो.