मागच्या दाराचा नवरा

नळातून घरोघर जाणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो गुपचूप गळतो, खोलीत भरतो आणि कोणी काडी ओढली की मगच आपली ओळख करून देतो. तसं होऊ नये म्हणून गॅस केंद्रावर त्यात एका दुर्गंधी द्रवाचे थेंब सोडतात. ते सोडणाऱ्या माणसाला सगळे वासवाला म्हणत. बाकीचं जग वास घालवण्याचा पगार घेतं. हा लावण्याचा घ्यायचा.

द्रवाचं नाव टेट्राहायड्रोथायोफीन. चार कार्बन आणि एक गंधक हातात हात घालून रिंगण धरतात. कार्बनच्या रिंगणात असा एखादा परका शिरला की रसायनवाले त्याला विषमचक्रीय संयुग म्हणतात. नव्या नवलाईत वासवाल्याने हे बायकोला समजावून सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरात मी."

घराणं तसं मोठं. कॉफीतली तरतरी, तंबाखूची चटक, औषधांच्या कितीतरी गोळ्या त्यातल्याच. वासवाल्याच्या वाट्याला मात्र घराण्यातलं नाठाळ कार्टं आलं होतं. चटकन पेट घेणारं, डोळे चुरचुरवणारं, फार हुंगलं तर डोकं धरून बसवणारं, आणि कपड्यांना चिकटलं की आग्रहाला बळी पडलेल्या पाहुण्यासारखं हलायचं नाव न घेणारं.

म्हणून घरात एक कायदा होता. वासवाला गल्लीत शिरला की आतून हाक यायची, "मागून या." मग मागच्या मोरीत आंघोळ, कपडे झाकणाच्या पिंपात, आणि त्यानंतरच नवरा म्हणून मान्यता. मुलीच्या जन्माआधीपासून तो पुढच्या दाराने कामावर जात होता आणि मागच्या दाराने परत येत होता. शेजारचे आजोबाही शिस्तीचे. तो दिसला की खिडक्या धडाधड लावून घ्यायचे. पूर्वी एकदोनदा त्यांनी गळतीची तक्रारही नोंदवली होती आणि गॅसवाले थेट वासवाल्यापर्यंत पोचले होते.

त्या दिवशी केंद्रावर पंपाचं वायसर फाटलं आणि वासवाल्याची बाही भिजली. सदरा बदलला, हात घासले, तरी परतीच्या बसमध्ये त्याच्याभोवतीची सगळी बाकं रिकामी झाली. सवयीने तो मागच्या बोळाकडे वळणार, तोच पुढचं दार उघडलं.

"आलात? या ना आत. चहा टाकतेच आहे," बायको म्हणाली. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला सोफ्यावर बसवलं.

वासवाला बसला. त्या सोफ्यावर कामाच्या कपड्यांत तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. क्षणभर त्याला वाटलं, उतारवयात का होईना, बढती झाली. मग आत तिने शेगडीची कळ फिरवल्याचा आवाज आला.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. कळ बंद केली, खिडकी उघडली.

"अगं, तुला वास येत नाही."

"कसला? येतोय की. आज जरा कमी आहे."

"बसमधली माणसं उतरून चालत गेली."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"मागे ताप आला होता ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "ताप गेला आणि वासही गेला. वाटलं, येईल परत."

"आणि मग रोज हाक कशी मारायचीस?"

"आजोबांच्या खिडक्या वाजायच्या ना. वाजल्या की मी म्हणायची, मागून या. आज वाजल्याच नाहीत. ते लेकाकडे गेलेत हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

वासवाल्याला हसू आलं. आख्ख्या शहराच्या नाकाची काळजी त्याने वाहिली होती, आणि त्याच्याच घरातलं नाक आजोबांच्या खिडक्यांवर चाललं होतं.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लेकीला सांगितलं असतं. ती म्हणाली असती, आईला शेगडीजवळ जाऊ देऊ नका. मग मी दिवसभर काय, पंख्याकडे बघत बसू?" तिने पदराने स्वच्छ ओटा पुसला. "आणि खरं सांगू? पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, तुम्ही घरी येतच नाही. समोर बसून जेवताय, तरी आला नाहीत असं. एवढी वर्षं नाक मुरडलं, आणि आता..."

वासवाल्याने तिचा हात धरला. मग हाताला वास आहे हे आठवून सोडला. मग तिला कुठे कळतंय, हे आठवून परत धरला.

"शेगडी तुझीच," तो म्हणाला. "पण केंद्रावर गळती ओळखणारं यंत्र असतं, गॅस जाणवला की बोंबलतं. तसं एक आणून बसवतो. ते येईपर्यंत गॅसचा मुख्य कॉक बंद. सकाळी मी उघडणार आणि मी असेन तोवरच शिजवायचं. लेकीला दोघं मिळून सांगू, यंत्र बसल्यावर."

"बोंबलणार म्हणजे कसं? सासूबाईंसारखं?"

"त्यांच्याहून जरा हळू."

"मग चालेल." ती विचार करत राहिली. "तोवर दुपारचा चहा?"

"थर्मासात भरून ठेवून जाईन."

"तुमच्या हातचा?" तिने सुस्कारा सोडला. "चवही धड कळत नाही हल्ली, ते एक बरं आहे."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग त्याच्या मागे, बाहेरच्या खोलीकडे.

"आता निघा. मागून जा. आंघोळ करून या."

"अगं, पण तुला तर..."

"मला नाही येत. सोफ्याला येतो."

वासवाला पुढच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून मोरीत गेला आणि गार पाणी अंगावर घेतलं. दाराशी टॉवेल घेऊन ती उभी होती. इतक्या जवळ ती कधी थांबायची नाही. तिने त्याचा सदरा उचलला, बाही नाकाशी नेली, डोळे मिटून वाट बघितली. काहीच आलं नाही. तरी जरा वेळ तिने तो तसाच धरून ठेवला.

मग सदरा पिंपात टाकून झाकण दाबत ती म्हणाली, "उद्यापासून कोपऱ्यावरून शीळ घालत या. नाहीतर मला कळायचं कसं, कधी ओरडायचं ते."